नाल्याकाठची पोरं आणि हिवतापाच्या काचा

औशाहून लातूर, लातूरहून नांदेड आणि नांदेडहून भोकर-हिमायतनगर करत इस्लापूर, असा दिवसभर एस.टी.चा प्रवास करून मी माझ्या पहिल्या नोकरीवर हजर झाले. टाळेबंदी उठून दीडेक वर्ष झालं होतं. माझं वय तेवीस. लातूरला रक्त-लघवी तपासायचा डिप्लोमा केलेला, आणि घरापासून इतक्या लांब एकटीनं राहायची ही पहिलीच वेळ. आमचं गाव औशाजवळ. तिथं गावाबाहेर उभं राहिलं की सोयाबीन आणि तुरीच्या पलीकडं थेट पुढच्या गावच्या देवळाचा कळस दिसतो. इस्लापूरच्या पुढं मात्र सागाचं रान दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन भिडलेलं. पहिले आठ दिवस मला त्या रानात कोंडल्यासारखं झालं. आता लातूरच्या लॅबमध्ये दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसते, तेव्हा तेच रान आठवतं आणि हातातलं काम दोन मिनिटं थांबतं.

काम असं होतं. त्या भागातल्या तीन वाड्यांमधल्या दहा वर्षांखालच्या पोरांचं रक्त दर महिन्याला तपासायचं, ताप असो नाहीतर नसो. बोटाच्या टोकाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, तो सुकवायचा, रंगवायचा आणि त्यात हिवतापाचे जंतू दिसतात का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. या पट्टीला आम्ही सगळे नुसतं ‘काच’ म्हणत असू. सोबत एक छापील तक्ता होता. घरात मच्छरदाणी आहे का, भिंतींवर फवारणी झाली का, पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करता का. उत्तरापुढं हो किंवा नाही, एवढीच खूण करायची.

नांदेडला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला एक वयस्कर डॉक्टर होते, निवृत्तीला आलेले, आवाज बसलेला. माझ्या शेजारच्या मुलीनं त्यांना विचारलं, “सर, मलेरियाची लस निघालीय म्हणतात. मग आपण हे कशाला करायचं?”

“निघालीय,” ते म्हणाले. “परदेशात लहान लेकरांना द्यायलेत. आपल्याकडं आज नाही. उद्या आलीच, तर ती कोणत्या गावाला आधी द्यायची, आणि दिल्यावर फरक पडला का नाही, हे कशावरून सांगणार तुम्ही? आधीचं मोजलेलंच नसलं तर नंतर मोजून काय कळणार? आणि दुसरं सांगतो. लस येईपर्यंत डास काय थांबून राहणार आहेत का?”

सगळे हसले. मी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला वाटलं होतं की आपलं काम म्हणजे मोजणं, बास.

त्या तीन वाड्यांतल्या पहिल्या वाडीत माझी गाठ आशाताईंशी पडली. त्या गावच्या आशा कार्यकर्त्या, त्यामुळं लहानथोर सगळे त्यांना आशाताईच म्हणत. चाळिशीच्या, ठेंगण्या, चालायला लागल्या की मला मागून पळावं लागायचं. नवरा कापसाची दोन एकर शेती बघायचा, दोन्ही लेकी लग्न होऊन गेलेल्या. वाडीतल्या प्रत्येक पोराचा जन्म त्यांना तिथीसकट पाठ होता. पहिल्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर आम्ही सतरंजी टाकली, डबे मांडले, आणि मी पहिल्या पोराचा हात धरला. सुई जवळ नेली तर माझाच हात थरथरायला लागला. लातूरला मी मोठ्या माणसांचं रक्त शेकड्यानं काढलं होतं. पण हा एवढासा हात, त्यावर ओल्या मातीचा वास, आणि तोंडाकडं टक लावून बघणारे डोळे. मला काही सुई टोचवेना.

आशाताईंनी पोराला बाजूला बसवलं आणि स्वतःचा डावा हात माझ्यासमोर धरला.

“ताई, तुमचाच हात कापून राहिला, मग पोर कामून भिणार न्हाई? आधी मला टोचा. चार बोटं हायती, चारी टोचा. हात बसला की पोराला बलवू.”

मी खरंच त्यांच्या दोन बोटांना टोचलं. पोरं भोवती गोळा होऊन बघत होती. त्यांनी तोंड वाकडंतिकडं करून मोठ्यानं बोंब मारली, पोरं खदखदा हसली, आणि मग रांगच लागली. त्यांनीच मला शिकवलं की बोटाच्या मधोमध नाही, थोडं कडेला टोचायचं, तिथं कमी दुखतं. आणि करंगळीशेजारचं बोट की मधलं, ते पोरानंच ठरवायचं. एवढं ठरवायला दिलं तरी पोरगं रडायचं विसरतं.

बोलण्याचीही गंमत होती. आमच्याकडं ‘काय करालीस’ म्हणतात, तिकडं ‘काय करून राहिली’. मी पोरांना म्हणायचे, “रडू नकोस, झालालंय, झालालंय.” ती मागं माझ्यासारखंच म्हणून एकमेकांना चिडवायची. दुसऱ्या महिन्यात मी वाडीत शिरले तर चिंचेखाली पोरांचा खेळ चाललेला. एका पोरीनं बाभळीचा काटा सुईसारखा धरलेला, समोर पळसाची पानं ओळीनं मांडलेली, त्या काचा. दुसऱ्या पोराचं बोट दाबून ती माझ्या आवाजात म्हणत होती, “झालालंय, झालालंय.” मग हातातल्या काडीनं जमिनीवर खूण करून तिनं विचारलं, “मच्छरदाणी हाय का? हो का न्हाई?”

ही पोर सात वर्षांची. केसांना कायम खोबरेल चोपडलेलं, एक वेणी सुटलेली, गुडघे सोललेले. वाडीच्या टोकाला नाल्याला लागून तिचं घर. मी हसले, तिच्या घराकडं निघाले, आणि तिथंच माझी पहिली अडचण उभी राहिली.

तिच्या बापानं दारातच अडवलं. उंच, किडकिडीत माणूस, खांद्यावर गमछा. आवाज चढवला नाही, पण बाजूलाही झाला नाही.

“बाई, रक्त न्हाई मिळायचं.”

“का बरं? मागच्या महिन्यात दिलं की.”

“दिलं. मग काय निघालं त्यात?”

पहिल्या महिन्याच्या काचा आम्ही गोळा करून वर नांदेडला पाठवल्या होत्या, त्या तपासून आकडे तिथंच जमा होणार होते. ज्यांना ताप होता त्यांची जागच्या जागी किटवर तपासणी करून औषध दिलं होतं. पण बिनतापाच्या पोरांच्या काचांचं काय झालं, ते मला ठाऊकच नव्हतं.

“हे बगा,” तो म्हणाला, “माझं थोरलं पोरगं लहान होतं तवा बारा दिवस तापात पडलं होतं. असंच कोणतरी आलं, रक्त घेऊन गेलं. चिठ्ठी कवा आली? कापूस वेचून झाल्यावर. आन् चिठ्ठीवर नाव दुसऱ्याच्याच पोराचं. पोरगं उठलं, पण चिठ्ठीनं न्हाई उठलं. तुमी रक्त नेता. परत सांगाया कोण येत न्हाई.”

आशाताई मध्ये पडल्या नाहीत. परत येताना मी म्हणाले, “काय चुकीचं बोलला तो?”

“काहीच न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मी बोलले न्हाई.”

मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडं गेले. तरुण होते, परभणीकडचे, कामानं कायम बेजार. मी म्हटलं, “सर, काचा वर जायच्या आधी मी इथंच वाचते. वरून परत तपासणी होऊ द्या, पण मला घरोघरी जाऊन सांगायचंय.” ते म्हणाले, “वाचा. पण काही निघालं तर आधी मला दाखवायचं, औषध मी लिहून देणार.” तेवढं मला पुरे होतं. त्या महिन्यापासून रोज दुपारी केंद्राच्या खिडकीशी बसून मी काचा वाचायला लागले. आठ दिवसांच्या आत वाडीत जाऊन प्रत्येक घरासमोर उभं राहून सांगायचं: तुमच्या पोराच्या रक्तात काही नाही. किंवा आहे, आणि ही गोळी अशी अशी द्यायची. काही नाही हे सांगायलाही जायचंच. एवढं सांगायला ही बाई उन्हातान्हात आली, याचंच बायकांना नवल वाटायचं. कुणी ताक द्यायचं, कुणी तव्यावरची भाकरी. काही घरांत मी नुसती दारात दिसले तरी आतून आवाज यायचा, “काय न्हाई ना ओ?” आणि मी अंगणातूनच ओरडायचे, “काय न्हाई!”

तिसऱ्या महिन्यात तो बाप स्वतःच पोरीला घेऊन ओट्यावर आला. तिनं मधलं बोट पुढं केलं. आणि नेमकी तिचीच काच भरलेली निघाली.

मी ती काच तीनदा बघितली. पोरीला ताप नव्हता, थंडी नव्हती, ती ओट्यावरून उड्या मारत घरी गेली होती. तरी तांबड्या पेशींमध्ये निळसर अंगठ्या, त्यांना लाल खड्यासारखा ठिपका, एकीत नाही तर ठिकठिकाणी. डॉक्टरांनी बघितलं, मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. तीन दिवस एक गोळी, आणि दुसरी सलग चौदा दिवस, कारण हा जो प्रकार होता त्याचे जंतू काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, दडून बसतात आणि नंतर पुन्हा बाहेर येतात.

बाप म्हणाला, “हिला? ही पोर सकाळपून बोरीवर चढून बसलीय. हिला काय झालंय?”

“ताप नसला तरी रक्तात असतं. तिला चावलेला डास दुसऱ्याला चावला की त्याला होतं.”

“ताप न्हाई आन् गोळी चौदा दिस?” त्यानं गोळ्या परत माझ्या हातात ठेवल्या. “काच बदलली आसंल, बाई. बदलती. मला ठावं हाय.”

ते मला लागलं. रागही आला. खोलीवर येऊन मी आईला फोन करून रडले. आई म्हणाली, “येऊ का घ्यायला?” मी म्हटलं, “नको.” दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर एक कल्पना सुचली. केंद्राच्या कपाटावर एक जुना मायक्रोस्कोप होता. एकाच डोळ्यानं बघायचा, खाली आरसा असलेला, त्याला वीज लागत नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “फोडू नका म्हणजे झालं.”

तो मी शाल गुंडाळून, मांडीवर घेऊन, काळीपिवळी जीपनं वाडीत नेला. शेजारच्या म्हातारीला वाटलं मांडीवर तान्हं बाळ आहे. ती म्हणाली, “तोंड तरी उघडं ठेव की लेकराचं.”

अंगणवाडीच्या ओट्यावर ऊन पडायचं. तिथं टेबल मांडून आरसा फिरवला, उजेड बसवला, काचेवर तेलाचा थेंब सोडला. आशाताईंनी सगळ्या वाडीत खबर दिली होती की आज रक्तातले किडे दिसणार हायेत. ओट्यासमोर जत्राच भरली. पण पहिल्यांदा बघायचा मान मी त्या बापाला दिला. त्यानं गमछ्यानं डोळा पुसला आणि वाकला.

“काय दिसत न्हाई. काळं गवत दिसून राहिलं.”

“त्या तुमच्या पापण्या आहेत. थोडं वर व्हा. दुसरा डोळा मिटा.”

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग हळूच म्हणाला, “चकत्या. लई चकत्या हायती.”

“ते रक्त. आता बघा, एखाद्या चकतीत अंगठी दिसते का, निळी?”

तो म्हणाला, “हाय.” मग थोड्या वेळानं, “आनखी एक हाय.” त्यानं डोळा काढला, पोरीकडं बघितलं, परत वाकला. “हे हिचंच कशावरून?”

मी काचेच्या कडेवर कोरलेला नंबर दाखवला, रक्त घेताना त्याच्या पोरीला दिलेल्या चिठ्ठीवर तोच नंबर होता. त्याला आकडे वाचता येत होते. त्यानं दोन्ही नंबर बोटानं टिपून बघितले आणि माझ्यासमोर स्वतःचा हात धरला.

“आता माझं दावा.”

मी त्याच्या बोटाला टोचलं. एवढा बाप्या माणूस, पण टोचल्याबरोबर “आयो” म्हणून हात झटकला, आणि ती पोर टाळ्या पिटत हसायला लागली. तिचं बघून सगळी पोरं हसली. तोही हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच बघत होते. पातळ थर काढून, सुकवून, रंगवून, धुऊन काच तयार व्हायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ तो ओट्याच्या कडेला उकिडवा बसून राहिला. मग वाकून बघितलं. मी काच सरकवत नेली, तो बघत गेला. लालसर चकत्या, नुसत्या चकत्या.

“माझ्यात न्हाई,” तो म्हणाला. “हिच्यात हाय.”

त्यानं माझ्यापुढं ओंजळ केली. मी गोळ्या त्यात दिल्या. कोणती गोळी किती, कधी, जेवणाआधी की नंतर, आणि लघवीचा रंग गडद दिसला तर गोळी थांबवून लगेच कळवायचं, हे सगळं त्यानं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्यानंतर वाडीतल्या प्रत्येकाला त्या नळीतून बघायचं होतं. ऊन कलून आरशावरचा उजेड जाईपर्यंत रांग संपली नाही.

त्या चौदा दिवसांत आशाताई रोज त्याच्या घरी जायच्या. पहिल्या दिवशी कडू लागली म्हणून पोरीनं गोळी जिभेखाली दाबून ठेवली आणि बाहेर जाऊन कोंबडीपुढं थुंकली. आशाताई मला सांगत होत्या, “कोंबडीनं बी खाल्ली न्हाई.” मग आईनं गुळाच्या खड्यात घालून द्यायला सुरुवात केली. पुढच्या महिन्यात काच कोरी निघाली. त्याच्या पुढच्याही महिन्यात. मी आठव्या दिवसाची वाट न बघता सांगायला गेले होते.

ते दिवस माझे फार आनंदात गेले. दसऱ्याआधी फवारणीवाले येऊन जायचे आणि लगेच बाया सणासाठी भिंती पोतारायच्या, म्हणजे औषध मातीखाली गाडलं जायचं. आशाताईंनी त्या वर्षी घरोघर फिरून आधी पोतारा, मग फवारा, असा क्रम लावून दिला. शाळेजवळच्या हौदात आम्ही गप्पी मासे सोडले. डासांची अंडी-अळ्या खाण्यासाठी सोडलेले ते मासे पोरांनी भाकरीचा चुरा घालून असे पोसले की माशांनी अळ्यांकडं बघितलंही नसेल. मग मी पोरांना समजावलं की त्यांना उपाशी ठेवायचं असतं. एक बारका पोरगा मला म्हणाला, “मग तुमी कामून जेवता?” सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी सहस्रकुंडाला जायचो. धबधब्याचा तुषार अंगावर घेत आशाताई भाजलेलं कणीस खायच्या आणि मी त्यांच्याकडून वाडीतल्या लग्नांच्या हकिकती ऐकायचे.

आणि मग ज्वारी हुरड्यात आली तेव्हा त्या पोरीची काच पुन्हा भरलेली निघाली.

आजही त्या दिवशीचं माझं वागणं आठवलं की मान खाली जाते. मला वाटलं, यांनी गोळ्या पुऱ्या केल्या नाहीत. मी तडक त्यांच्या घरी गेले आणि अंगणात उभी राहून, शेजारीपाजारी ऐकत असताना, म्हणाले, “मी एवढं समजावून सांगितलं होतं. मधेच सोडल्या ना गोळ्या?”

बाप आत गेला. पोरीची आई चुलीपुढं बसली होती, ती माझ्याकडं बघतच राहिली. तो बाहेर आला तो एक पत्र्याचा डबा घेऊन. त्यात पोरांच्या शाळेचे कागद होते, रेशनकार्ड होतं, आणि त्याखाली दोऱ्यानं बांधलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं. त्यानं ती एक-एक करून माझ्यासमोर ओट्यावर मांडली. एकही गोळी शिल्लक नव्हती. प्रत्येक रिकाम्या खणाशेजारी पेननं वार लिहिलेला होता. सोम, मंगळ, बुध.

“मोजून घ्या,” तो म्हणाला.

मी मोजली नाहीत. मी खाली बसले. आशाताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पोरीच्या आईला विचारलं, “मच्छरदाणी लावता का ओ?”

“लावतो की. बगा ना आत.”

आत खरंच मच्छरदाणी होती. चारी कोपरे खिळ्यांना नीट बांधलेले, कुठं फाटलेली नाही. माझ्या तक्त्यात दर महिन्याला त्या घरापुढं ‘हो’ होतं आणि ते खरंच होतं. मी तशीच बघत उभी राहिले. त्या मच्छरदाणीत लेकुरवाळ्या घराची काही खूण नव्हती. खाली एका माणसापुरती एकच वाकळ होती.

मी पोरीला जवळ घेऊन विचारलं, “काल तू कुठं झोपली होतीस?”

“आखाड्यावर,” ती म्हणाली. “बाबापाशी.”

“आणि परवा?”

“आखाड्यावरच. डुकरं येतेत ना.”

नाल्याच्या पलीकडं त्यांचं शेत. पीक उभं राहिलं की रानडुकरांपासून राखायला बाप थोरल्या पोराला घेऊन शेतातल्या खोपीवर, म्हणजे आखाड्यावर, झोपायला जायचा, आणि ही बापाची लाडकी, त्याच्या मागं जायची. घरची मच्छरदाणी घरी. नाल्याचं पाणी खोपीपासून हाकेच्या अंतरावर. वाडीतली अर्धी घरं पीक राखायच्या दिवसांत तशीच विभागलेली असायची, काही माणसं घरी, काही आखाड्यावर. आणि आम्ही इतके महिने भरउन्हात येऊन घरातल्या खिळ्याला मच्छरदाणी आहे का ते विचारत होतो. पुन्हा आजार उलटला, का नव्यानं डास चावला, हे काच बघून सांगता येत नाही. पण ती कुठं झोपत होती हे कळल्यावर गोळ्यांवर संशय घ्यायचं मला काही कारण उरलं नव्हतं.

मी त्याच्याकडं वळून म्हणाले, “माझं चुकलं. मी सगळ्यांसमोर बोलले, तर सगळ्यांसमोरच सांगते. तुम्ही गोळ्या पूर्ण दिल्या होत्या. चुकीचं मीच विचारत होते.”

तो पाकिटं गोळा करायला लागला. दोरा बांधताना म्हणाला, “इचारलं आसतं तर सांगितलं आसतं, बाई. आखाड्याचं कोण इचारलंच न्हाई.”

त्याच आठवड्यात त्यानं आखाड्यावर चार मेढी रोवल्या आणि वर बांबू बांधले. आमच्याकडच्या शिल्लक मच्छरदाण्यांतली एक आशाताईंनी त्याला मिळवून दिली. ती कशी लावली ते बघायला तो मला शेतात घेऊन गेला. तिघांना पुरेल एवढी ऐसपैस, खालची कड वाकळीखाली खोचलेली. पोर आत शिरून बसली होती आणि आतून मला म्हणाली, “आता हो लिवा.” दुसऱ्यांदा औषध सुरू झालं आणि त्यानंतर आमचं काम संपेपर्यंत तिची काच कोरी राहिली.

तक्त्यात मी पेन्सिलीनं एक रकाना वाढवला: काल रात्री पोर कुठं झोपली? आधी एका वाडीत, मग तिन्ही वाड्यांत. उत्तरं यायची ती मला अजून आठवतात. आखाड्यावर. मामाच्या घरी. ऊसतोडीला गेल्यात. अंगणात, गरम व्हालं म्हणून. नांदेडच्या बैठकीत एका साहेबांनी माझे कागद वर धरून विचारलं की छापील नमुन्यात हे पेन्सिलीचं काय आहे. मी उठून उभी राहिले. आखाड्याचं सांगितलं. बसक्या आवाजाचे ते वयस्कर डॉक्टर मागच्या रांगेत बसले होते. ते तिथूनच म्हणाले, “पेन्सिलीचं पेननं करा. सगळ्यांनीच करा.”

दीड वर्षानं काम संपलं. माझा करार संपला, लातूरला नोकरी लागली, लग्न झालं. शेवटच्या दिवशी वाडीत निरोप-बिरोप काही झाला नाही. कापसाची वेचणी जोरात होती, घरं रिकामी होती. मी दारादारातून फिरून आले आणि शेवटच्या महिन्याचे निकाल तेवढे आशाताईंच्या हाती देऊन काळीपिवळीत बसले. त्या पोरीला भेटता आलं नाही, ती शेतात होती.

मागच्या दिवाळीत माहेरहून नांदेडला नणंदेकडं गेले होते. बसस्थानकावर कुणीतरी मागून माझा दंड पकडला. आशाताई. केस बरेच पांढरे झालेले. त्या प्रशिक्षणाला आल्या होत्या. आम्ही कँटीनमध्ये बसलो, चहा प्यालो, माझ्या लेकाचा फोटो त्यांनी मोबाईलवर मोठा करून करून बघितला. मी विचारलं, वाडीत ताप कसा आहे. त्या म्हणाल्या, “हाय. कमी हाय, पण हाय. दोन पावसाळे बरे गेले, मागला थोडा वाढला. फवारणी उशिरा आली.” लशीचं त्यांनीच काढलं. बैठकीत कुणी तरी बोललं होतं, इकडं कधी येईल ते माहीत नाही. “आली तर टोचू,” त्या म्हणाल्या. “आपल्या वाडीची सगळी वही तयार हाय. कोण कुठं झोपतं, समदं.”

ती पोर आता किनवटला वसतिगृहात असते. सहावीला. शनिवारी घरी येते तेव्हा बापाशी भांडून आखाड्यावर जाते.

तेवढ्यात किनवटची गाडी लागली आणि एकच झुंबड उडाली. आशाताईंनी खिडकीतून जागेवर रुमाल टाकला, पदर खोचला आणि गर्दीत घुसल्या. मिनिटभरानं त्यांचं तोंड खिडकीत दिसलं. जागा मिळाली होती.

“पुढली सीताफळं लागली की या,” त्या ओरडल्या. “लेकराला घेऊन या. आन् येताना जवसाची चटनी आना, तुमच्याकडली.”

“येते,” मी म्हटलं.

अजून जाणं झालेलं नाही. या वर्षी रजा मिळाली तर जाणार आहे.